कबुली मोकळ्या माणसाची हवी

मोटारसायकल चोरीच्या आरोपावरून पकडलेला बावीस वर्षांचा एक मजूर सहा महिन्यांपासून बीडच्या कारागृहात आहे, असे समजा. याआधी त्याला कधीच शिक्षा झालेली नाही. जामीन मंजूर झालाय, पण ऐपतीचा जामीनदार मिळत नाही, म्हणून तो आत आहे. चोरीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांची कैद आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सवलतीच्या शिक्षेचा अर्ज करायचा आणि गुन्हा कबूल करायचा. पहिलाच गुन्हा असल्याने न्यायालय त्याला कमाल शिक्षेच्या एक षष्ठांश, म्हणजे सहा महिन्यांची कैद देऊ शकते. तेवढी त्याची भोगून झालेली आहे आणि कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होतात. म्हणजे तो घरी जातो. दुसरी वाट म्हणजे आणखी सहा महिने आत काढायचे. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत गेला की पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याला बंधपत्रावर सोडावे, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते. या वाटेने तो उशिरा सुटेल, खटला चालूच राहील, पण कपाळावर ‘चोर’ हा शिक्का नसेल.

या सगळ्या हिशेबात त्याने मोटारसायकल खरोखर चोरली होती का, हा प्रश्न एकदाही आलेला नाही. खरा चोर असो की संशयावरून उचललेला पोरगा, दोघांचे गणित तेच आहे आणि दोघांनाही पहिलीच वाट जवळची वाटणार. प्ली बार्गेनिंगला माझा विरोध नाही. विरोध आहे तो कोठडीत अडकलेल्या माणसाला ‘कबूल करतोस का’ असे विचारण्याला. आधी त्याला जामिनावर बाहेर येऊ द्या, मग विचारा.

आपल्याकडच्या न्यायालयांना ही भीती फार पूर्वीपासून माहीत होती. १९७६ मध्ये महाराष्ट्रातल्याच अन्नभेसळीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी अशा सौद्यांबद्दल तीव्र नापसंती नोंदवली. १९८० मध्ये गुजरातच्या कासमभाई शेख खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी आणखी स्पष्ट सांगितले, की लांबलचक खटल्याचा जाच आणि शिक्षेची टांगती तलवार टाळण्यासाठी निर्दोष माणूसही कबुली देऊन बसेल, म्हणून असा सौदा घटनेला धरून नाही. दुसरीकडे कज्ज्यांचे ढीग वाढत होते. विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या आणि १९९६ च्या १५४ व्या अहवालात सवलतीच्या कबुलीची शिफारस केली, २००३ मध्ये फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांसाठी नेमलेल्या मलिमथ समितीने तिला दुजोरा दिला आणि २००५ च्या दुरुस्तीने दंड प्रक्रिया संहितेत एकविसावे-अ प्रकरण आले. ५ जुलै २००६ पासून ते लागू झाले. १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तेच तेविसावे प्रकरण झाले आहे, कलम २८९ ते ३००.

कागदावर पाहिले तर ही रचना बरीच सावध आहे, हे मान्य केले पाहिजे. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे तिच्यात येत नाहीत, त्यामुळे खून, बलात्कार, दरोडा यांचा प्रश्नच उद्भवत नाही. स्त्रिया आणि मुले यांच्यावरचे गुन्हे वगळलेले आहेत. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हेही वगळलेले आहेत आणि त्या यादीत अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. मराठवाड्यात हे फार महत्त्वाचे आहे. गावातल्या बलदंड आरोपीने दलित फिर्यादीला तडजोडीच्या टेबलावर ओढावे, याला इथे कायद्यानेच मज्जाव आहे. तो तसाच राहिला पाहिजे.

बाकीच्या गुन्ह्यांत आरोपीने स्वतः अर्ज करायचा. सोबत शपथपत्र द्यायचे, की शिक्षेचे स्वरूप आणि व्याप्ती समजून मी स्वखुशीने हा अर्ज करतो आहे आणि याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला, सरकारी वकील किंवा फिर्यादी समोर नसताना, बंद दालनात विचारतात, की तुझ्यावर कुणाचा दबाव आहे का. खात्री पटली तर सरकारी वकील, तपास अधिकारी, आरोपी आणि पीडित एकत्र बसून तोडगा काढतात आणि त्यासाठी साठ दिवसांपर्यंतची मुदत असते. पीडिताला भरपाई मिळू शकते. आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येते. कायद्यात किमान शिक्षा ठरलेली असेल तर न्यायालय तिच्या निम्मी देऊ शकते, पहिलाच गुन्हा असेल तर एक चतुर्थांश. किमान ठरलेली नसेल तर कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश, पहिल्या गुन्ह्याला एक षष्ठांश. निकाल अंतिम असतो, नेहमीचे अपील नाही. उच्च न्यायालयात रिट किंवा सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका, एवढेच उरते. बोलणी फिसकटली तर खटला जिथे थांबला होता तिथून पुढे चालतो आणि अर्जात दिलेली कबुली दुसऱ्या कशासाठीही वापरता येत नाही. इथे एक फट मात्र आहे. बोलणी फिसकटल्यावर खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे गेलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तालुक्याच्या गावी एखाददुसरेच न्यायालय असते. ज्याने कबुलीचा अर्ज वाचला तोच न्यायाधीश पुढे ‘आरोप सिद्ध झाला का’ ते ठरवणार, आणि वाचलेले मनातून पुसता येत नाही.

अमेरिकेशी तुलना केली की आपला कायदा किती जपून लिहिलाय ते कळते. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेच २०१२ च्या मिसूरी विरुद्ध फ्राय या निकालात नोंदवले आहे, की संघीय न्यायालयांतल्या ९७ टक्के आणि राज्यांतल्या ९४ टक्के दोषसिद्धी कबुलीतून येतात. म्हणजे खटला चालणे हा तिथे अपवाद आहे. सरकारी वकिलाच्या हातात कोणता आरोप ठेवायचा आणि कोणता सोडायचा हे असते, आणि खरा दाब तिथून येतो. केंटकी राज्यातल्या हेज नावाच्या माणसावर ८८ डॉलर ३० सेंटचा खोटा धनादेश वटवल्याचा आरोप होता. कबूल केलेस तर पाच वर्षे, नाही केलेस तर सराईत गुन्हेगाराचे कलम लावीन, असे सरकारी वकिलाने सांगितले. त्याने कबूल केले नाही. त्याला जन्मठेप झाली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती कायम ठेवली. आपल्याकडे सरकारी वकिलाला असा आरोप वाढवण्या-घटवण्याचा सौदा करण्याचा अधिकार संहितेच्या या प्रकरणात दिलेला नाही. सौदा फक्त शिक्षेचा आहे, आणि तोही आकड्यात बांधलेला. मग आपल्याकडे दाब कुठून येतो? आपल्याकडे तो कोठडीतून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातल्या कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. जिथे चारातले तीन कैदी अजून दोषीच ठरलेले नाहीत, तिथे ‘कबूल कर आणि घरी जा’ या वाक्याला वेगळ्या धमकीची गरज नसते.

तरीही गेल्या दोन दशकांत प्ली बार्गेनिंगने निकाली निघालेली प्रकरणे एक टक्क्याच्याही खाली राहिली आहेत. याचा अर्थ आरोपी शहाणे आहेत असा कुणी लावला तर तो अर्धाच खरा आहे. ज्यांच्याकडे थोडीफार ताकद आहे त्यांना यापेक्षा चांगली दारे उघडी असतात. बांधावरून दोन भावकींत हाणामारी झाली, दोन्हीकडून केसेस झाल्या, तर गावचे चार लोक बसून मिटवतात. साधी दुखापत, फसवणूक, चोरी असे कितीतरी गुन्हे कायद्यानेच मिटवण्याजोगे आहेत. काही ठिकाणी न्यायालयाची परवानगी लागते एवढेच. आणि मिटवले की निकाल निर्दोष सुटकेचा लागतो, शिक्षेचा नाही. प्ली बार्गेनिंगमध्ये शिक्षेचा लागतो. हा फरक कोर्टाच्या आवारातल्या अनेक पक्षकारांना कुणी सांगतच नाही. त्यांच्या कानी दोन्हीकडे ‘आपसात’ हाच शब्द पडतो. जे गुन्हे मिटवण्याजोगे नाहीत, त्यात पंच आणि साक्षीदार फितूर होतात. ज्यांच्याकडे पैसा आहे ते छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घेतात. ज्यांच्यामागे समाज किंवा पक्ष आहे त्यांचे आंदोलनातले गुन्हे शासन निर्णयाने मागे घेतले जातात. त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही, लोकशाहीत आंदोलकांवरचे खटले काढून घेणे अनेकदा योग्यच असते. पण मिटवायला वजन नाही, खंडपीठात जायला पैसा नाही आणि मागे समाज नाही, अशा माणसासाठी शेवटी काय उरते? त्याच्यासाठी हा कबुलीचा अर्ज उरतो. म्हणून तो अर्ज कसा घेतला जातो, याची काळजी आपण केली पाहिजे.

आता जामिनाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. जामीन मंजूर होणे आणि माणूस बाहेर येणे यात आपल्याकडे सातबारा आडवा येतो. जामीनदाराने जमिनीचा उतारा आणायचा, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढायचा, आधार आणि रेशनकार्ड जोडायचे. भूमिहीन माणसाचे नातेवाईकही भूमिहीनच असतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा या तालुक्यांतली माणसे दिवाळीनंतर ऊस तोडायला सांगली, कोल्हापूर, थेट बेळगावपर्यंत जातात. तिकडे भांडण झाले, तिकडेच अटक झाली, तर जामीनदार आणायचा कुठून? १९७८ च्या मोती राम खटल्यात नेमके हेच झाले होते. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला गेला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. जामीन होऊनही सात दिवसांत कैदी सुटला नाही तर कारागृह अधीक्षकाने मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे, असे २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. म्हणजे साडेचार दशकांनीही तीच गाठ सुटलेली नाही. अशा कैद्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सोडण्याचा अधिकार न्यायाधीशाला आहे. तो वापरण्याआधी त्याच्यापुढे कबुलीचा कागद ठेवू नये, ही माझी पहिली मागणी आहे. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. बंद दालनातल्या चौकशीत न्यायाधीशाने एवढेच विचारायचे आहे: तू आत्ता कोठडीत आहेस का, आणि असलास तर का? जामीनदार नाही म्हणून, असे उत्तर आले की अर्ज बाजूला ठेवायचा, आधी सुटकेचा आदेश काढायचा आणि आठ-पंधरा दिवसांनी त्याला घरून बोलावून पुन्हा विचारायचे. घरी झोपून, बायकोशी, आईशी, वकिलाशी बोलून आलेला माणूस जर तेव्हाही कबूल म्हणाला, तर ती कबुली मला मान्य आहे.

पारध्यांचे उदाहरण घेतल्याशिवाय मराठवाड्यात हा विषय पुरा होत नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण कुठे चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते, हे धाराशिव, लातूर, बीडकडच्या कुणालाही सांगायला नको. एकाच पोरावर चोरीच्या चार केसेस पडतात. कलम ४७९ ची एक तृतीयांशाची सवलत त्याला मिळत नाही, कारण एकापेक्षा जास्त प्रकरणे प्रलंबित असतील तर त्या कलमाखाली सुटका नाही, असे पोटकलम आहे. मग कंटाळून त्याने पहिल्या केसमध्ये कबुली दिली, तर उरलेल्या तिन्हींत ‘याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही’ हे शपथपत्र त्याला देता येत नाही. एका दारातून बाहेर पडताना बाकीची तीन दारे त्याच्याच हाताने बंद होतात. आणि सराईत म्हणून त्याचे नाव पोलीस ठाण्याच्या फलकावर लागते. अशा आरोपीच्या सगळ्या केसेस एकत्र पाहून मगच सल्ला दिला पाहिजे. एका केसपुरता नेमलेला मोफत वकील ते करतोच असे नाही.

याहून मोठे नुकसान मात्र प्ली बार्गेनिंगच्या बाहेर होते, आणि त्याची कुणी चर्चा करत नाही. आपल्याकडची खरी सौदेबाजी तेविसाव्या प्रकरणात होतच नाही. ती कोर्टाच्या व्हरांड्यात होते. जुगाराची केस, किरकोळ दारूची केस, रस्त्यावर हातगाडी लावल्याची केस. ‘कशाला तारखा करता, कबूल म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा,’ असे कधी शिपाई सांगतो, कधी हवालदार, कधी वकील. माणूस विचारतो, ‘सायेब, कबूल केलं तर हुईल का मोकळा?’ होतो. अशा किरकोळ खटल्यात आरोपी कबूल म्हणाला की न्यायाधीश तिथल्या तिथे दंड करू शकतो. इथे शपथपत्र नाही, बंद दालनातली विचारपूस नाही, शिक्षेत ठरावीक सूट नाही, बहुतेकदा वकीलही नाही. परिणाम मात्र तोच, दोषसिद्धी. आणि नव्या संहितेने या छोट्या दंडाची किंमत कितीतरी वाढवली आहे. कलम ४७९ मधला पहिल्या वेळचा आरोपी म्हणजे ज्याला पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही तो. प्ली बार्गेनिंगमधली एक षष्ठांशाची सूटही त्यालाच. तीनशे रुपये भरून जुगाराच्या केसमधून मोकळा झालेला माणूस पुढे कधी चोरीच्या खोट्या आरोपात सापडला, तर त्याचे सहा महिने नऊ होतात आणि कोठडीतून सुटण्याचा एक वर्षाचा काळ दीड वर्ष होतो. व्हरांड्यात कबूल म्हणताना हे त्याला कुणी सांगितले होते? प्रत्येक कबुलीआधी, ती कुठल्याही कलमाखाली असो, न्यायाधीशाने हा परिणाम मराठीत समजावून सांगावा आणि तो सांगितल्याची नोंद रोजनाम्यात असावी. यात पाच मिनिटे जातील. पाच मिनिटांसाठी न्यायव्यवस्था मोडून पडत नाही.

बंद दालनातली विचारपूस गंभीरपणे झाली तर तिचा केवढा उपयोग आहे, हे वाळूच्या केसेसमध्ये दिसते. गेवराई, अंबड, पैठण, सोनपेठ, गंगाखेड, गोदावरीच्या काठाने कुठेही जा, रात्री पकडलेल्या ट्रॅक्टरवर सापडतो तो रोजंदारीवरचा ड्रायव्हर. ट्रॅक्टरचा मालक, वाळूचा ठिय्या चालवणारा, पुढचा खरेदीदार, यांपैकी कुणी तिथे नसते. वाळू सरकारची असल्याने ही चोरी शेजाऱ्याशी मिटवता येत नाही. अशा केसमध्ये प्ली बार्गेनिंग ड्रायव्हरच्या खरोखर उपयोगाचे ठरू शकते. पण मालक त्याला सांगतो, ‘तू कबूल कर, दंड मी भरतो, घरी पैसे पोचते करतो.’ कबुली झाली की फाइल बंद, आणि ड्रायव्हरने अर्जात लिहिलेले मालकाविरुद्ध वापरता येत नाही. आरोपीच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद योग्यच आहे, पण तिच्या आडून मालक निसटतो. दालनात ‘दबाव आहे का’ असे विचारून ‘नाही’ असे लिहून घेणे पुरेसे नाही. तुझा वकील कुणी दिला, त्याची फी कोण देतो, दंड कोण भरणार, हे विचारले पाहिजे. मालकाने दिलेला वकील असेल तर आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाशी बोलून ये, असे सांगितले पाहिजे.

नव्या संहितेतली सगळ्यात अन्यायकारक गोष्ट मला तीस दिवसांची मुदत वाटते. दोषारोप निश्चित झाल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज करायचा. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. खटले लवकर निकाली निघावेत म्हणून हे केले, असे सांगतात. दिल्लीतल्या कार्यालयात बसून तीस दिवस पुरेसे वाटत असतील. ऊसतोड मजुराला जानेवारीत चार्ज फ्रेम करायला बोलावले, की तो मुकादमाची परवानगी काढून, दोन दिवसांची मजुरी बुडवून, रात्रीच्या एसटीने येतो आणि त्याच रात्री फडावर परततो, कारण उचल फिटलेली नसते. वकिलाशी निवांत बसून बोलणे होते ते एप्रिलमध्ये, गावी आल्यावर. तोवर मुदत संपलेली असते. शिवाय समन्स खटल्यांत, म्हणजे दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत, औपचारिक दोषारोप ठेवलाच जात नाही. आरोपीला फक्त गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात. मग तिथे तीस दिवस मोजायचे कुठून? ही मुदत साक्षी सुरू होईपर्यंत वाढवावी. पुरावा समोर आल्यावर कबुली द्यायची की लढायचे, हे आरोपीला अधिक डोळसपणे ठरवता येते. घाईने मिळवलेली कबुली व्यवस्थेच्या सोयीची असते, आरोपीच्या नाही.

वकिलाचा प्रश्न आहेच. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला आहे. बाहेर असलेल्या गरिबाला महाराष्ट्रात तीन लाखांच्या वार्षिक उत्पन्नापर्यंत तो मिळतो. २०२२ पासूनच्या योजनेत जिल्ह्या-जिल्ह्यात लोकअभिरक्षक कार्यालये उभी राहिली. पूर्णवेळ बचावाचेच काम करणारे वकील ही कल्पना फार चांगली आहे, आणि प्ली बार्गेनिंगचा सल्ला द्यायला त्यांच्याइतकी योग्य जागा दुसरी नाही, कारण त्यांची फी खटला लांबण्यावर अवलंबून नाही. आम्हा खाजगी वकिलांबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. तारखेगणिक पैसे घेणाऱ्या वकिलाला केस लवकर संपण्यात रस नसतो आणि एकरकमी घेणाऱ्याला ती लांबण्यात नसतो. दोन्हींत आरोपीचे हित आपोआप साधत नाही. म्हणून अर्जावर फक्त वकिलाची सही न घेता, मिटवण्याचा पर्याय तपासला होता का, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटका मागितली का, हे वकिलाने लिहून द्यावे, असा नियम उच्च न्यायालय करू शकते.

वर्तणुकीच्या हमीचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण आपल्या पोरांचे आयुष्य त्यावर अडलेले असते. लातूर, परभणी, हिंगोलीच्या मैदानांवर पहाटे पाचला शेकडो पोरं पोलीस भरतीसाठी धावत असतात. यातल्या कुणाच्या नावावर गावातल्या मारामारीची केस असते. शिक्षा एक महिन्याची असो की फक्त दंडाची, चारित्र्य पडताळणीच्या अर्जावर ‘होय’ लिहावे लागते. कबुली देताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त कोर्टाच्या तारखा असतात. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे, ताकीद देऊन किंवा हमीवर सोडलेल्या आरोपीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. आधीच सरकारी नोकरीत असलेल्यांच्या बाबतीत न्यायालयांनी याचा अर्थ मर्यादित लावला आहे, तरीही नोकरीच्या उंबरठ्यावरच्या पोरासाठी हे कलम मागणे आणि निकालपत्रात त्याचा स्पष्ट उल्लेख करून घेणे फार मोलाचे आहे. प्ली बार्गेनिंगमध्ये न्यायालयाला हा अधिकार आहे. शिक्षेचा अपूर्णांक मोजण्याआधी तो वापरता येतो का, हे पाहिले पाहिजे.

जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत, त्यांचे काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. २०२२ मध्ये जामिनाच्या धोरणाबाबत स्वतःहून घेतलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही किरकोळ प्रकरणे निकाली काढण्यासाठी या मार्गाचा विचार करायला सांगितले. पण न्यायाधीशांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या, सरकारी वकील एका वेळी तीन न्यायालयांत पळवायचा, न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल यायला वर्ष लावायचे, आणि या सगळ्याची भरपाई आरोपीच्या कबुलीतून करायची, हे मला मान्य नाही. उलट माझी खात्री आहे, की आधी सुटका आणि मग विचारणा असे केले तर अर्ज कमी होणार नाहीत. खरोखर गुन्हा केलेली, पश्चात्ताप झालेली, फिर्यादीचे नुकसान भरून द्यायला तयार असलेली माणसे भरपूर आहेत. पीडितालाही त्यांच्याकडून काही मिळण्याची शक्यता जास्त असते, कारण बाहेर असलेला माणूस कमावतो आणि कमावलेल्यातून भरपाई देतो. हर्सूलच्या कारागृहात बसलेला माणूस कुणाला काय देणार?

यंदा टोळ्या फडावर जाण्याआधी, म्हणजे दसऱ्या-दिवाळीच्या दरम्यान, बीड, जालना, परभणीच्या विधी सेवा प्राधिकरणांनी आपापल्या जिल्ह्यात एक काम करावे. ज्यांचे चार्ज पुढच्या सहा महिन्यांत फ्रेम होणार आहेत अशा मजूर आरोपींची यादी न्यायालयांकडून घ्यावी, मुकादमांमार्फत त्यांना निरोप द्यावा आणि लोकअभिरक्षकांसमोर बसवावे. प्रत्येकाला मराठीत एक पान द्यावे: तुझ्या कलमाला कमाल शिक्षा किती, ते मिटवता येते का, कबुली दिलीस तर नोकरीवर, निवडणुकीवर आणि पुढच्या केसवर काय परिणाम होईल, आणि कबुली द्यायला तू बांधील नाहीस. वाचता येत नसेल त्याला ते वाचून दाखवावे आणि खाली त्याच्या अंगठ्यासोबत वाचून दाखवणाऱ्याचीही सही घ्यावी.